एका साटेलोट्याचा हिशेब

दिवाळी आली की दुकानदार जुनी वही मिटतो, नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि वर्षाचा नफातोटा मांडायला बसतो. खेळाच्या दुनियेतही हा हिशेब चालतो. फरक इतकाच, की तेथे वर्ष संपण्याची वाट कोणी पाहात नाही. सौदा रात्री होतो आणि सकाळच्या चहाबरोबर निकाल लागलेला असतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत हेच झाले. अमेरिकेतील डॅलस मॅव्हेरिक्स या बास्केटबॉल संघाने आपला पंचविशीतला लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसच्या लेकर्सना देऊन टाकला आणि बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस हा एकतिशीतला खेळाडू घेतला. डॅलस म्हणजे आदल्याच वर्षी अंतिम फेरी गाठलेला संघ आणि लेकर्स म्हणजे त्याच पश्चिम गटातला त्याचा प्रतिस्पर्धी. घरातला कर्ता मुलगा शेजारच्या भाऊबंदाला दत्तक द्यावा, तसे डॅलसकरांना वाटले. क्रीडागृहाबाहेर त्यांनी घोषणा दिल्या. हल्ली पहाटे उठून अमेरिकेतले सामने पाहणारी तरुण मंडळी आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांतल्या दोघातिघांनी मला गाठून विचारले, ‘तुम्ही खेळांवर लिहिता ना? मग सांगा, कोण फसले?’

वाचकहो, ताज्या सौद्याचे वजन करणे म्हणजे चुलीवरच्या भाताची चव सांगणे. म्हणून मी या दिवाळीला एक जुनी वही उघडणार आहे. ती मिटून कित्येक वर्षे झाली. दोन्ही बाजूंची माणसे खेळून, जिंकून, हरून मोकळी झाली. आकडे जागेवर बसले. आणि तरीही त्या वहीतली बेरीज मला दर वेळी थोडी निराळी येते. ती का, हेच आज सांगायचे आहे.

गोष्ट एप्रिल १९५६ ची. त्या महिन्याच्या ३० तारखेला अमेरिकेच्या धंदेवाईक बास्केटबॉल संघांत नव्या खेळाडूंची वाटणी होती. ही वाटणी दरवर्षी होते. महाविद्यालयांतून जे खेळाडू बाहेर पडतात, त्यांतून प्रत्येक संघ आळीपाळीने एकेक निवडतो. आणि ज्याची कामगिरी वाईट, त्याला आधी हात घालू देतात. पंगतीत शेवटी बसलेल्याला आधी वाढायचे, असा हा न्याय आहे आणि तो वाईट नाही. त्या काळी याला एक पोटनियम होता. आपल्या परिसरातल्या महाविद्यालयाचा खेळाडू संघाला हक्काने घेता येई. मात्र मग पहिल्या फेरीतली आपली पाळी सोडावी लागे.

त्या वर्षी पहिली पाळी होती रॉचेस्टर रॉयल्सची, दुसरी सेंट लुईस हॉक्सची. बॉस्टन सेल्टिक्सने जवळच्या होली क्रॉस महाविद्यालयातला टॉम हाइनसन हक्काने घेतला, त्यामुळे पहिल्या फेरीत त्यांना पाळीच उरली नाही. आणि नेमका त्याच वर्षी बाजारात बिल रसेल नावाचा, जवळजवळ पावणेसात फूट उंचीचा, सडपातळ निग्रो तरुण आला होता. त्याच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते आणि ओळीने ५५ सामने जिंकले होते.

एवढा पराक्रमी गडी, मग त्याच्यासाठी झुंबड उडायला हवी होती. तशी ती उडाली नाही. जाणकार म्हणत, याला बास्केट करता येत नाही. लांबून फेकीचा नेम नाही, हातात नजाकत नाही. हा उड्या छान मारतो, समोरच्याची फेक हवेतच अडवतो, फळीवरून उसळलेला चेंडू झेलतो. पण बाबा, गुण कोण करणार? त्या काळचा बास्केटबॉल म्हणजे गुण करण्याचा खेळ, असेच सर्वांना वाटे.

बॉस्टनचा प्रशिक्षक रेड ऑरबाक मात्र वेगळ्या विवंचनेत होता. त्याच्याकडे गुण करणारे मुबलक होते. बॉब कूझी चेंडू असा काही देई, की घेणाऱ्यालाच तो कुठून आला हे कळत नसे. बिल शर्मनचा नेम अचूक. मध्यभागी एड मकॉली, उंच, बारीक, मऊ हाताचा. १९५१ साली झालेल्या पहिल्या तारांकित सामन्याचा तो सर्वोत्तम खेळाडू. हे तिघे असूनही बॉस्टन एकदाही अंतिम फेरीला पोचला नव्हता. चेंडू फळीवर आपटून खाली आला, की तो प्रतिपक्षाच्या हातात जाई. पाणी भरपूर, पण घड्याला भोक, अशी त्यांची अवस्था होती. ऑरबाकला त्याचे जुने गुरू बिल राइनहार्ट यांनी रसेलचा खेळ आधीच पाहून सांगून ठेवले होते, की हा मुलगा सोडू नकोस.

आता रसेल मिळवायचा तर दोन दारे ओलांडायला हवी होती. पहिले रॉचेस्टरचे. त्यांच्याकडे मॉरिस स्टोक्स हा उसळलेला चेंडू घेणारा धिप्पाड खेळाडू होताच, आणि रसेल पैसेही बरेच मागणार अशी वदंता होती. त्यांनी सिह्यूगो ग्रीनला घेतले. याबद्दल एक गंमतीची कथा सांगतात. बॉस्टनचे मालक वॉल्टर ब्राउन बर्फावरच्या नाचाच्या एका प्रसिद्ध कंपनीतही भागीदार होते. तुम्ही रसेलला हात लावू नका, मी आमचा नाच तुमच्या गावी आठवडाभर आणतो, असा शब्द त्यांनी रॉचेस्टरच्या मालकांना दिला म्हणे. सर्वांना ही कथा पटलेली नाही. मी ती कथा म्हणूनच सांगतो.

दुसरे दार सेंट लुईसचे, आणि त्यामागे बसले होते मालक बेन कर्नर. ऑरबाक आणि कर्नर यांची ओळख जुनी, आणि गोड नव्हे. हाच संघ पूर्वी निराळ्या गावी, निराळ्या नावाने खेळत असताना १९४९-५० च्या हंगामात ऑरबाक कर्नरांच्या पदरी प्रशिक्षक होता. कर्नरांनी त्याला न विचारता एक खेळाडू परस्पर दुसऱ्या संघाला देऊन टाकला, आणि ऑरबाकने नोकरी सोडली. म्हणजे या दोघांचे भांडणही एका अदलाबदलीवरूनच झालेले. तेच आता पुन्हा अदलाबदलीला बसले.

आपल्याकडे पूर्वी साटेलोटे करीत. माझी बहीण तुला, तुझी बहीण मला. देण्याघेण्याचा खर्च वाचतो, सगळे कसे तोलून मापून होते. पण अनुभव असा, की एका घरात कुरबूर झाली की दुसऱ्या घरातली भांडीही वाजू लागतात. प्रतिस्पर्धी संघांचा सौदा असाच असतो. दूरच्या, दुबळ्या संघाला खेळाडू दिला तर तो दृष्टीआड होतो. प्रतिस्पर्ध्याला दिला तर तो दरवर्षी दारात उभा राहतो, आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

कर्नरांनी मागितला एड मकॉली. तो मूळचा सेंट लुईसचा, तिथल्याच विद्यापीठातून नावारूपाला आलेला. कर्नर आदल्याच वर्षी मिलवॉकीहून संघ घेऊन या गावात आले होते. त्यांना तिकिटे खपवायची होती, आणि गावचा लाडका मुलगा परत आणण्याइतका हुकमी उपाय दुसरा नाही. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. क्लिफ हेगनही द्या, म्हणाले. हेगन केंटकी विद्यापीठाचा. बॉस्टनने त्याला १९५३ साली निवडले होते, पण तो लष्करी सेवेत गेल्यामुळे बॉस्टनसाठी एकही सामना खेळला नव्हता. ऑरबाकने तोही दिला. एका कच्च्या तरुणासाठी एक नामवंत आणि एक होतकरू. त्या दिवशी कोणाही शहाण्या माणसाला विचारले असते, तर तो म्हणाला असता, कर्नरांनी बाजी मारली.

रसेल लगेच आला नाही. तो आधी मेलबोर्नला ऑलिंपिकमध्ये खेळला, सुवर्णपदक घेतले, आणि डिसेंबर १९५६ मध्ये बॉस्टनला रुजू झाला. त्याचा पहिलाच सामना कोणाशी असावा? सेंट लुईसशी.

आणि मग १९५७ ची अंतिम फेरी. एकीकडे बॉस्टन, दुसरीकडे सेंट लुईस. तिसऱ्या सामन्याच्या आधी सेंट लुईसच्या मैदानात ऑरबाकने बास्केटच्या उंचीबद्दल तक्रार काढली, कर्नर तरातरा पुढे आले, शब्दाने शब्द वाढला आणि ऑरबाकने त्यांना ठोसा लगावला. ३०० डॉलर दंड झाला. व्याही-व्याही मांडवातच गुद्द्यांवर आले, ते असे.

सातवा सामना १३ एप्रिलला बॉस्टनमध्ये झाला. कूझी आणि शर्मन या दोन नामांकित नेमबाजांनी मिळून ४० फेकी केल्या आणि त्यांतल्या ५ लागल्या. गुण करणाऱ्यांच्या जिवावर बॉस्टन त्या दिवशी बुडालाच होता. तो तारला दोन नवख्यांनी. हाइनसनने ३७ गुण केले. रसेलने फळीवरचे ३२ चेंडू घेतले, आणि निर्धारित वेळेच्या अखेरीला प्रतिपक्षाचा एक खेळाडू मोकळा बास्केटकडे धावत असता मागून येऊन त्याची फेक हवेत अडवली. दोनदा जादा वेळ द्यावा लागला. शेवटच्या क्षणी सेंट लुईसच्या अॅलेक्स हॅनमने मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या फळीवर चेंडू मारला, तो उसळून बरोबर बॉब पेटिटच्या हाती आला, त्याने टाकला, आणि तो कडेवरून घरंगळला. १२५-१२३. बॉस्टनचे पहिले अजिंक्यपद.

झाला निकाल? थांबा. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, तेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत. तिसऱ्या सामन्यात रसेलचा घोटा दुखावला. सहाव्या सामन्यात पेटिटने ५० गुण केले. आपल्या संघाच्या शेवटच्या २१ गुणांपैकी १९ एकट्याने. ११०-१०९ असा एका गुणाने सामना गेला आणि अजिंक्यपद सेंट लुईसला मिळाले. हेगन त्या विजयाचा मोठा वाटेकरी होता. मकॉली आपल्या गावासाठी खेळून अजिंक्य ठरला. त्या रात्री हिशेब केला असता तर दोन वर्षांत दोन्ही घरी एकेक करंडक, दोन्ही पारडी समान. साटेलोटे असावे तर असे!

पण वही तेथे मिटत नाही. १९६० साली पुन्हा तीच लढत, पुन्हा सात सामने, बॉस्टन विजयी. सातव्या सामन्यात रसेलने ३५ चेंडू घेतले. त्या वर्षी सेंट लुईसचा प्रशिक्षक कोण होता? एड मकॉली. ज्या माणसाच्या बदल्यात आपल्याला दिले, त्या माणसाला कसे थोपवावे हे त्याने बाकावर बसून खेळाडूंना सांगायचे, अशी पाळी त्याच्यावर आली. १९६१ साली बॉस्टनने पाच सामन्यांतच प्रकरण संपवले. पुढे १९६८ साली संघ अटलांटाला गेला. १९५८ चे ते अजिंक्यपद त्या संघाच्या नावावर २०२५ पर्यंत एकमेव राहिले आहे. आणि रसेल? तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे. शेवटची दोन तर स्वतःच प्रशिक्षक असताना.

मग कर्नर मूर्ख होते काय? माझे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. त्यांना हवे होते ते सर्व त्यांना मिळाले. गावचा हिरो मिळाला, प्रेक्षक मिळाले, करंडक मिळाला. मकॉली आणि हेगन या दोघांनाही पुढे बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. म्हणजे कर्नरांनी घेतलेला माल खोटा मुळीच नव्हता. त्यांचा तराजूही खोटा नव्हता. पण त्या तराजूला एक वजनच कमी होते.

ते असे. बास्केटबॉलच्या वहीत त्या काळी गुण लिहीत, उसळलेले चेंडू लिहीत. पण हवेत अडवलेल्या फेकींचा रकानाच नव्हता. अमेरिकेच्या त्या स्पर्धेत तो अधिकृतपणे सुरू झाला १९७३-७४ च्या हंगामापासून. रसेल १९६९ सालीच निवृत्त झाला होता. ज्या एका गोष्टीत त्याला तोड नव्हती, त्या गोष्टीचा एकही अधिकृत आकडा त्याच्या नावावर नाही! शिवाय तो अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत नसे. होता होईतो तो आपल्याच सोबत्याच्या हाती जाईल असा टोलवी, आणि क्षणात दुसऱ्या टोकाला कूझी धावत असे. जी फेक प्रतिपक्षाने रसेलच्या भीतीने केलीच नाही, ती तर कुठल्याच वहीत जात नाही. ऑरबाकने विकत घेतले ते हे. बाजारात ज्याला माप नव्हते ते त्याला नजरेने दिसले, आणि ज्याला माप होते ते त्याने उदारपणे देऊन टाकले.

आणखी एक गोष्ट बोलल्याखेरीज ही बेरीज प्रामाणिक होणार नाही. तो काळ कातडीच्या रंगावरून माणूस तोलणारा होता, आणि सेंट लुईसची त्या बाबतीत ख्याती वाईट होती. प्रेक्षकांतून शिव्या येत, उपाहारगृहांत काळ्या खेळाडूंना वाढत नसत. आपण त्या गावी खेळायला गेलोच नसतो, असे रसेल पुढे म्हणत असे. १९५८ चा सेंट लुईस हा केवळ गोऱ्या खेळाडूंच्या बळावर अजिंक्य झालेला शेवटचा संघ. कर्नरांच्या मनात काय होते, याचा न्याय मी करणार नाही. पण गावचा गोरा हिरो आणि बाहेरचा काळा तरुण यांतून तिकिटे कोण खपवील, हा हिशेब त्या गावात रंग वगळून होऊच शकत नव्हता. १९६१ च्या ऑक्टोबरात हेच दोन संघ केंटकीतील लेक्झिंग्टन येथे प्रदर्शनी सामना खेळायला गेले. हेगनच्या महाविद्यालयाचे ते गाव. तेथे बॉस्टनच्या काळ्या खेळाडूंना खायला देण्याचे नाकारले. रसेल आणि त्याचे सोबती सामना न खेळता परत फिरले, आणि सेंट लुईसच्या काळ्या खेळाडूंनीही तेच केले. त्या एका दिवशी साटेलोटे विसरून दोन्ही घरची माणसे एका बाजूला उभी राहिली. बॉस्टनही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्या शहराजवळच्या रेडिंग गावी रसेलचे घर फोडून भिंतींवर घाणेरडे शब्द लिहिले गेले. मात्र एवढे खरे, की वॉल्टर ब्राउन आणि ऑरबाक यांनी खेळाडू निवडताना रंग पाहिला नाही, आणि त्याचे फळ त्यांना व्याजासकट मिळाले. पूर्वग्रह हे पाप तर आहेच; पण धंद्याच्या दृष्टीनेही तो आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आता शेवटचे पारडे. हे मला सर्वांत जड वाटते, आणि कुठल्याच संघाच्या वहीत ते नाही. सौद्याची बोलणी चालली तेव्हा वॉल्टर ब्राउन मकॉलीला सोडायला मुळीच राजी नव्हते. त्यांचा त्याच्यावर जीव होता. त्या वेळी मकॉलीच्या लहान मुलाला मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन कायमचे अपंगत्व आले होते. उपचार सेंट लुईसला चालले होते आणि बापाला वर्षातले कित्येक महिने बॉस्टनला राहावे लागत होते. मकॉलीनेच ब्राउनना सांगितले, मला तिकडे पाठवलेत तर माझ्यावर उपकार होतील. तेव्हा कुठे सौदा पुढे सरकला. जगाच्या दृष्टीने मकॉली म्हणजे रसेलसाठी मोजलेली किंमत. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने तो घरी आला, मुलाजवळ राहिला, आणि वर अजिंक्यपदही मिळाले. या सौद्यात तोटा कोणाला झाला हे विचारणाऱ्याने आधी त्याला विचारायला हवे होते. बॉस्टननेही त्याला परका मानले नाही. त्याचा २२ क्रमांक त्यांनी पुढे कोणाला दिला नाही. रसेलचा ६ क्रमांक तर तो २०२२ साली वारल्यावर अख्ख्या स्पर्धेनेच मानाने बाजूला ठेवला.

तेव्हा माझ्या तरुण मित्रांनो, डॅलसचे काय, याचे उत्तर मी एवढ्यावरून देतो. डॅलसच्या व्यवस्थापकांनी सौद्याच्या समर्थनासाठी सांगितले कारण होते बचावाचे: अजिंक्यपद बचावाने मिळते. म्हणजे ऑरबाकचाच युक्तिवाद! पण ऑरबाकने बचाव घेतला तो बावीस वर्षांच्या मुलाच्या रूपाने. डॅलसने तो घेतला एकतिशीतल्या, वारंवार दुखापती होणाऱ्या खेळाडूच्या रूपाने, आणि दिला तो तरुण. मंत्र तोच, पण उलट्या बाजूने म्हटलेला. ते व्यवस्थापक त्याच वर्षी नोव्हेंबरात पदावरून गेले. इतके मी आज निश्चित म्हणू शकतो. पण दैव कसे असते पाहा: त्याच उन्हाळ्यात नव्या खेळाडूंच्या वाटणीत पहिली पाळी चिठ्ठीने डॅलसलाच मिळाली. शंभरात दोनदासुद्धा येऊ नये असे दान पडले, आणि कूपर फ्लॅग हा अठरा वर्षांचा मुलगा त्यांच्या पदरात आला. आता त्या पारड्यात हेही वजन धरायचे की नाही?

म्हणून मी ताज्या सौद्यांवर पैज लावीत नाही. कोणाला काय हवे होते, कोणाचे वय कोणत्या बाजूला सरकते आहे, आणि वहीत रकाना नसलेले असे कोणाजवळ काय आहे, एवढे तीन प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. तुम्हीही ते विचारून पाहा. बाकीचा हिशेब आणखी काही दिवाळ्यांनी मांडू.